सिग्नलला हीटर गार पडतो: आधी कूलंट बघा, थर्मोस्टॅटचं नंतर

दहिसरहून आलेला प्रश्न असा आहे. पेट्रोल हॅचबॅक, दहा-अकरा वर्षांची, घेतल्यानंतर बाहेरून सीएनजी किट बसवलेलं. डिसेंबरात घरच्यांना घेऊन महाबळेश्वरला गेले. पसरणी घाट चढताना हीटर झकास चालला, पण वर वेण्णा लेकच्या गर्दीत गाडी उभी राहिली की थोड्या वेळात गार वारा. पुढची गाडी हलली, जरा रेस दिली, की परत गरम. टेंपरेचरचा काटा सगळा वेळ मध्यावर. मुंबईत परतल्यावर एका मेकॅनिकने सांगितलं, थर्मोस्टॅट गेलाय, बदला. दुसरा म्हणाला, मुंबईत हीटर लागतोच कशाला, पाईप बायपास करून टाकू, विषय संपला. दोघांपैकी कुणाचं ऐकायचं?

सध्या कुणाचंच नाही. पहिल्याचं निदान उलटं आहे आणि दुसरा गाडीने दिलेली सूचना पुसायला निघालाय. मुंबईत हीटर कुणी लावत नाही हे खरं. इथल्या हवामान खात्याच्या नोंदीतलं नीचांकी तापमान ७.४ अंश, तेही १९६२च्या जानेवारीत, सांताक्रुझला. म्हणून तर ही तक्रार इथे वर्षानुवर्षं लपून राहते आणि महाबळेश्वर, नाशिक नाहीतर मनालीला गेल्यावर एकदम उघडी पडते. पण आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, हीटर गार पडणं ही मुळात हीटरची तक्रारच नाही. इंजिनातलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, कमी झालंय किंवा नीट फिरत नाहीये, याची सगळ्यात आधी मिळणारी खूण आहे ती. काटा वर जायच्या कितीतरी आधी मिळते.

हीटरमध्ये वेगळं काही जळत नाही की तापत नाही. इंजिनातून निघालेलं गरम कूलंट एका पाईपने बोनेटमागच्या पत्र्यातून आत, डॅशबोर्डच्या पोटात जातं. तिथे रेडिएटरचंच धाकटं भावंड असतं, गॅरेजमध्ये त्याला हीटर कॉइल म्हणतात. ब्लोअरचा वारा तिच्या जाळीतून जातो, गरम होऊन तुमच्या पायांवर येतो, आणि कूलंट दुसऱ्या पाईपने परत इंजिनात. हे सगळं फिरवतो वॉटर पंप, आणि बहुतेक गाड्यांत तो बेल्टने इंजिनाला बांधलेला. इंजिन आयडलला मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आसपास फिरतं, हायवेवर २,४००ला. म्हणजे पंपाची गती तिप्पट. पण पंप जो दाब तयार करतो तो गतीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळजवळ नऊपट. आयडलला पंपाच्या अंगात मुळात दमच थोडा असतो. सगळं ठाकठीक असेल तर तेवढाही पुरतो. पण कुठे हवा अडकली, कुठे गाळ बसला, कूलंट लीटरभर कमी झालं, की पहिला मार बसतो तो हीटर कॉइलला. चाळीच्या पंपाचा दाब कमी पडला की वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचा नळ आधी कोरडा पडतो, तसंच. कॉइल बऱ्याच गाड्यांत उंचावर असते, पाईप बारीक, आणि हवा नेहमी वर जाऊन बसते. रेस दिली की पंप जोर करून ती हवा ढकलतो, गरम कूलंट आत शिरतं, तुम्हाला वाटतं हीटर 'आला'.

आता थर्मोस्टॅटचं. तो इंजिन आणि मोठ्या रेडिएटरच्या मधला दरवाजा. साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. हीटरचं कनेक्शन या दरवाजाच्या अलीकडून घेतलेलं असतं, त्यामुळे थर्मोस्टॅट बंद असतानाही हीटरला कूलंट मिळत राहतं. थर्मोस्टॅट उघडाच अडकला तर तक्रार बरोबर उलटी येते. गाडी पळत असताना समोरच्या वाऱ्याने रेडिएटर कूलंट जास्तच थंड करतो, हीटर कोमट पडतो, काटाही खाली येतो. आणि सिग्नलला उभे राहिलात की हळूहळू हीटर सुधारतो. तुमच्याकडे चालताना गरम आणि उभं राहिल्यावर गार. म्हणजे थर्मोस्टॅट संशयितांच्या यादीत अगदी तळाला. कुणी 'व्हॉल्व्ह (म्हणजे हाच थर्मोस्टॅट) काढूनच टाकतो, इंजिन थंड राहील' म्हणालं तर तर नाहीच म्हणा. ही आपल्याकडची जुनी खोड आहे. इंजिन कधी पुरतं तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की कूलंट बायपासच्या वाटेने रेडिएटर चुकवून तिथल्या तिथे फिरतं, त्यामुळे गाडी उलट तापते.

काटा मध्यावर आहे म्हणून निश्चिंतही राहू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दामच असा जुळवलेला असतो की कूलंट पाऊणशे अंशांवर असो की शंभरावर, काटा आपला मध्यावरच बसतो, म्हणजे गिऱ्हाईक उगाच घाबरत नाही. शिवाय सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं बोलतो. पातळी इतकी उतरली की सेन्सर हवेत उघडा पडला, तर इंजिन भाजत असताना काटा निवांत असू शकतो. गाडीच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे दोष तपासायच्या सॉकेटला, लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर मिळतो, त्यावर मोबाईलमध्ये आकडा दिसतो. सेन्सरची ही मर्यादा त्यालाही आहे, पण काट्यापेक्षा बरा.

सुरुवात घरीच करा, सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर. इंजिन गरम असताना कूलंटची टोपी कधीही उघडू नका. आतला दाब वातावरणापेक्षा साधारण एक बार जास्त असतो, त्यामुळेच पाणी १२० अंशांच्या आसपासही उकळत नाही. टोपी फिरवली की दाब सुटतो आणि सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. थंड असताना, गाडीला रेडिएटरवर टोपी असेल तर ती उघडून आत बघा. कूलंट काठोकाठ दिसलं पाहिजे, बोट बुडवलं की लागलं पाहिजे. जास्तीचं कूलंट साठवणारी बाजूची प्लॅस्टिकची बॉटल बघून समाधान मानू नका. बॉटल 'फुल'च्या रेघेवर आणि रेडिएटर अर्धा रिकामा, ही अवस्था गॅरेजात रोजची. कारण टोपीत दोन व्हॉल्व्ह असतात. एक दाब वाढला की कूलंट बॉटलीत सोडतो, दुसरा इंजिन थंड झालं की ते परत ओढून घेऊ देतो. दुसरा चिकटला किंवा बॉटलीचा बारीक नळा चिरला, तर कूलंट जातं पण परत येत नाही, त्याच्या जागी हवा येते. टोपी उलटी करून बघा: मधली छोटी पितळी चकती नखाने ओढली की सुटावी आणि सोडली की परत बसावी. खालचं रबर कडक झालं असेल, चिरा असतील, क्षाराचा पांढरा थर असेल, तर टोपी बदला. दाबाचा आकडा जुन्या टोपीवर छापलेला असतो, ०.९ किंवा १.१ बार, तोच घ्या. टोपी काही शे रुपयांची वस्तू, आणि हजारोंची बिलं तिच्यापासून सुरू होतात.

महाबळेश्वरचा संबंध थंडीपुरताच नाही. तिथली उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास, आणि तिथे उघड्यावर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. टोपी दाब धरत नसेल तर मुंबईत जे इंजिन कसंबसं निभावून नेतं, ते घाट चढून वर गेल्यावर आतल्या आत बुडबुडे सोडायला लागतं, आणि ते बुडबुडे जाऊन बसतात हीटर कॉइलमध्ये.

ज्या गाड्यांत रेडिएटरवर टोपीच नाही, बॉटललाच जाड आट्यांची टोपी आहे, तिथे बॉटल हीच दाबाखालची टाकी. तिथे थंड इंजिनावर मिन आणि मॅक्सच्या मधली पातळी खरी मानायला हरकत नाही.

पातळी कमी निघाली तर भरा, पण नुसती भरून सोडू नका. कूलंट गेलं कुठे हा खरा प्रश्न. ते पुढे सांगतो. पातळी पूर्ण असेल तर पुढची तपासणी हाताने. इंजिन चालू करा, एसी बंद, टेंपरेचरची नॉब पूर्ण लालवर, ब्लोअर एक नंबरवर. इंजिन गरम होऊ द्या, रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत. बोनेट उघडून इंजिनाच्या मागे, डॅशबोर्डकडे जाणारे अंगठ्याएवढे दोन रबरी पाईप शोधा. पंखा आणि बेल्टपासून बाही, ओढणी, ओळखपत्राची दोरी लांब ठेवा. दोन्ही पाईपांना फडक्याने आलटून पालटून हात लावा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, पाईपवर जवळ धरून आकडा घ्या.

दोन्ही पाईप सारखेच चटका देणारे असतील आणि तरी आत गार हवा येत असेल, तर कूलंटचा काही दोष नाही. डॅशबोर्डमधली गरम-गार हवा मिसळणारी झडप फिरत नाहीये, तिची केबल सुटलीय किंवा छोटी मोटर गेलीय. नॉब फिरवल्यावर डॅशबोर्डच्या आत टिक-टिक-टिक ऐकू येत असेल तर मोटरचे दात झिजलेत. पण झडपेला इंजिनाच्या रेसशी काही देणंघेणं नसतं, म्हणून तुमच्या बाबतीत हे बसत नाही. जुन्या काही गाड्यांत कॉइलच्या पाईपवरच केबलने उघडणारा पाण्याचा कॉक असतो. तो वर्षानुवर्षं न फिरल्याने अर्धाच उघडतो आणि आयडलला असाच त्रास देतो. तुमच्या गाडीत तो असेल तर हाताने पूर्ण उघडून बघा, दोन मिनिटांचं काम.

एक पाईप कडक गरम आणि दुसरा कोमट किंवा गार असेल, तर कूलंट आत जातंय पण पुरेसं वाहत नाहीये. ब्लोअर एक नंबरवर असताना दोन्हींत दहा-पंधरा अंशांचा फरक मी चालवून घेतो. तीसच्या वर गेला की कॉइल तुंबलेली, हवा अडकलेली किंवा पंप कमजोर. आता कुणाला तरी २,५००पर्यंत रेस धरायला सांगा आणि गार पाईपवर हात ठेवा. काही सेकंदांत तो तापला आणि रेस सोडल्यावर पुन्हा गार पडत गेला, तर हवा किंवा पंप. रेस देऊनही कोमटच राहिला तर कॉइल तुंबलीय. याच वेळी कान डॅशबोर्डच्या पोटाशी ठेवा. गाडी चालू करताना किंवा रेस सोडताना आत पाणी खळखळल्यासारखा आवाज येत असेल तर हवा आहेच, आणखी पुरावा नको.

आणि आता सीएनजी. मुंबईतल्या गाडीबद्दल हे न विचारता कुणी हीटरवर बोलत असेल तर त्याने बोनेट उघडलेलंच नाही. टाकीत गॅस २०० बारच्या दाबाने भरलेला असतो. रिड्यूसर तो दाब उतरवून इंजिनाला देतो, आणि दाब असा एकदम उतरला की गॅस प्रचंड गार होतो. रिड्यूसर गोठू नये म्हणून त्यात गरम कूलंट फिरवावं लागतं. ते आणतात कुठून? बाहेरून किट बसवणारे बहुतेक जण हीटरचेच दोन पाईप कापतात आणि त्यात टी, म्हणजे तीन तोंडांची जोड, मारतात. म्हणजे तुमच्या हीटरच्या कूलंटला आता वाटेकरी आला.

टी मारून समांतर जोडणी केली असेल तर कूलंट सोपी वाट धरतं. रिड्यूसर जवळ, पाईप आखूड, तर कॉइल लांब आणि अरुंद. रेस असेल तेव्हा दोघांनाही पुरतं, आयडलला रिड्यूसर जेवतो आणि कॉइल उपाशी. तपासायची रीत सोपी आहे: गाडी पेट्रोलवर घ्या, आयडलला हीटर गार पडू द्या, मग रिड्यूसरकडे जाणारा कूलंटचा पाईप होज दाबायच्या चिमट्याने मिनिटभर दाबून धरा. हीटर गरम झाला तर चोर सापडला. पक्कडीने पाईप दाबू नका, जुनं रबर तिथेच फुटतं. आणि सीएनजीवर असताना हा प्रयोग मुळीच नको, रिड्यूसर गोठेल. उपाय म्हणजे जोडणी सिरीजमध्ये घेणं, म्हणजे कूलंट एकामागोमाग दोघांतून जाईल. पण त्यातही मेख आहे. रिड्यूसरचं तोंड हीटरच्या पाईपपेक्षा बारीक असेल तर तोच अडथळा होतो. तिथे समांतरच ठेवून रिड्यूसरच्या वाटेवर प्रवाह थोडा आवळणारी बारीक तोंडाची जोड घालावी लागते. किट बसवणाऱ्याकडून हे त्याच्यासमोर उभं राहून करून घ्या.

टीच्या जोडण्या गळक्या असणं, हे दुसरं. बघायचं कसं? क्लिपच्या कडेला सुकलेल्या कूलंटचा हिरवा किंवा गुलाबी खरखरीत थर बसलेला असतो. कूलंट गरम इंजिनावर थेंबथेंब पडून वाळतं, म्हणून खाली जमिनीवर डाग दिसत नाही आणि माणूस म्हणतो, लीकेज नाही. तुमच्या गाडीला इतकी वर्षं झाली आहेत, तर त्या सगळ्या टोकांच्या स्क्रूच्या क्लिपा मी आधी बघेन. गंजलेल्या असल्या तर बदलाच.

एक खूण तुम्ही स्वतः सहज ओळखाल. थंडीत गाडी सीएनजीवर जायला नेहमीपेक्षा वेळ लावते का, घाटात जोर लावताना झटके देते का, आणि उतरून बघितलं तर रिड्यूसरच्या अंगावर पांढरं दव किंवा बर्फ दिसतं का? हीटरही गार आणि रिड्यूसरही गार, म्हणजे त्या वाटेवर कूलंट पोचतच नाहीये. दोष या दोघांत शोधायचा नाही, दोघांच्या आधीच्या वाटेत शोधायचा.

कूलंट पूर्ण आहे, गळती नाही, हवा काढली, आणि चार दिवसांत पुन्हा हवा भरली, तर ती हवा कुठून तरी तयार होतेय. सगळे लगेच हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या पातळ सीलकडे, वळतात, आणि बहुतेक वेळा बरोबरही असतात. गॅस्केट फुटली की सिलिंडरमधला जळलेला वायू कूलंटमध्ये घुसतो. थंड इंजिन चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा रबरी होज दगडासारखा कडक होतो, अजून तापायला वेळ झालेलाही नसतो. बॉटलीत बुडबुडे सतत येतात, सायलेन्सरचा पांढरा धूर इंजिन तापल्यावरही जात नाही. तपासायला निळं रसायन भरलेला टेस्टर मिळतो. रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढली आणि रंग पिवळा पडला, तर जळलेला वायू आहे. ऑइलमध्ये कूलंट मिसळून झालेली मलई दिसली नाही म्हणून गॅस्केट चांगली, असा निष्कर्ष काढू नका. प्रत्येक गॅस्केट ऑइलच्याच वाटेला फुटत नाही.

पण सीएनजीवाल्याने हेड उतरवायच्या आधी अजून एक तपासणी करावीच. रिड्यूसरच्या आतलं सील गेलं तर गॅसच कूलंटमध्ये शिरतो. लक्षणं तीच: बुडबुडे, कडक होज, परत परत हवा. निळ्या टेस्टरचा रंग मात्र बदलत नाही, कारण तो जळलेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड ओळखतो, न जळलेला मिथेन नाही. म्हणून गाडी आधी पेट्रोलवर चालवून बुडबुडे बघा, मग सीएनजीवर. फक्त सीएनजीवर येत असतील तर हेडला हात लावू नका, रिड्यूसर दुरुस्त करा किंवा बदला. हे बघताना बिडी-काडी, ठिणगी काही जवळ नको, आणि मोकळ्या हवेत बघा, सोसायटीच्या बेसमेंटमध्ये नाही. हेड उतरवण्याचं बिल आणि रिड्यूसरचं बिल यांत फार फरक पडतो.

वॉटर पंप जातो तेव्हा दरवेळी आवाज करून किंवा गळून जात नाही. कूलंटऐवजी नळाचं पाणी घालून वर्षानुवर्षं गाडी चालवली की आतली लोखंडी पाती गंजून पातळ होतात, बोटाच्या पेरापेक्षाही आखूड राहतात. प्लॅस्टिकच्या पातीच्या पंपात पातं दांड्यावर सैल होऊन घसरतं. बाहेरून पंप कोरडा, बेल्ट फिरतोय, पण आत पाणी ढवळतंय फक्त. बेल्ट ढिला असेल तरीही आयडलला असाच फटका बसतो. काही इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर असतो, तिथे बेल्ट बदलताना पंपही बदलून घेतात; मजुरी एकदाच पडते.

तुंबलेल्या कॉइलबद्दल थोडं सविस्तर, कारण यात आपलीच करणी जास्त. महापालिकेचं पाणी तलावांचं असल्याने तसं मऊ, पण टँकरच्या नि बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. ते रेडिएटरमध्ये घातलं की पांढरा थर बसतो, आणि बसतो तो सगळ्यात अरुंद जागी, म्हणजे कॉइलच्या चपट्या नळ्यांत. त्याहून वाईट म्हणजे गळती थांबवायला घातलेली पावडर, आणि हायवेवरची ती प्रसिद्ध हळद. रस्त्यात अडकलात, गॅरेज नाही, मुलंबाळं बरोबर आहेत, तर हळदीने घरी पोचता येतं, मी नाही म्हणत नाही. पण घरी पोचल्यावर सगळं फ्लश करायचं असतं, ते कुणी करत नाही. रेडिएटरचं बारीक भोक बुजतं, त्याबरोबर कॉइलही बुजते. वेगवेगळ्या जातीचं कूलंट एकत्र केलं तरी काही वेळा चिकट गाळ होतो. जात रंगावरून ठरवू नका, कंपन्या मनाला येईल तो रंग घालतात. कॅनवर काय लिहिलंय आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते जुळवा.

फ्लश करताना दोन्ही पाईप बोनेटकडून सोडायचे आणि बागेच्या नळीने, हलक्या दाबाने, उलट्या दिशेने पाणी सोडायचं. ज्या पाईपने बाहेर येतं तिथून आत. आधी चहासारखं पाणी येईल, कधी पिवळट गाळाचे तुकडे येतील. मग दिशा बदला, परत उलटा. स्वच्छ यायला लागलं की शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुवा. कॉम्प्रेसरची हवा मारणाऱ्याला तिथेच थांबवा. कॉइल पातळ ॲल्युमिनियमची असते, फुटली तर ती बाहेर काढायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि एकदा उतरलेला डॅशबोर्ड नंतर खड्ड्यांत कुरकुरल्याशिवाय क्वचितच राहतो. निघालेलं जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि त्यातलं ग्लायकॉल त्यांच्या मूत्रपिंडाला मारून टाकतं.

आता हवा काढायची रीत. निम्मी गॅरेजं इथे घाई करतात आणि गिऱ्हाईक आठवड्याने परत येतं. थंड इंजिन. गाडीचं नाक वर: सोसायटीच्या पार्किंगचा उतार असेल तर त्यावर चढवून, हँडब्रेक आणि चाकाला दगड लावून, नाहीतर पुढून जॅक करून स्टँडवर. टोपी उघडी, हीटरची नॉब पूर्ण लालवर. कूलंट हळूहळू ओता, मधून मधून वरचा मोठा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील. इंजिनावर किंवा हीटरच्या पाईपवर हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि सलग धार आल्यावर बंद करा. मग इंजिन चालू. पातळी खाली गेली की भरा. जरा वेळ आयडल, मग पंधराशे-दोन हजारांवर थोडं धरा, परत आयडल. उकळून वर यायला लागलं तर टोपी लावा आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा. बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि परत बघा. बहुतेक वेळा पाव-अर्धा लीटर अजून जातं. हे रात्रभर थांबणं कुणी बिलात लावत नाही म्हणून कुणी करत नाही.

मिश्रण निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी, किंवा तयार मिश्रणाचा कॅन. तयार असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. निम्मं-निम्मं उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. मुंबईत गोठायची भीती कुणाला, पण त्यातलं गंजरोधक रसायन आणि वाढलेला उत्कलनबिंदू आपल्याला बारा महिने हवा असतो.

डिझेलवाल्यांसाठी एक सूट. डिझेल इंजिन आयडलला इतकी कमी उष्णता टाकतं की मनालीच्या थंडीत उभ्या गाडीत हीटर कोमट पडणं हा दोष नसतोही. आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर इंजिनाबरोबर पंपही थांबतो. आधी ते बटण बंद करून मग तपासा.

राहिला बायपासचा सल्ला. कॉइल फुटली, पायाखालच्या मॅटवर चिकट गोडसर कूलंट आलं, काचेवर तेलकट वाफ बसली, तर दोन्ही पाईप एकमेकांना जोडून घरी येणं योग्य. जोडायचे, बुजवायचे नाहीत. काही इंजिनांत या वाटेने कूलंट फिरणं गरजेचं असतं. पण तुमची कॉइल गळत नाहीये. बायपास केलंत तर आयडलला हीटर गार पडल्याचं कळणं तेवढं बंद होईल, कूलंट कमी व्हायचं ते होतच राहील. शिवाय जुलैत माळशेज नाहीतर आंबोलीला काचेवर आतून धुकं धरेल तेव्हा एसी आणि हीटर दोन्ही एकत्र लावून, आधी हवा कोरडी करून मग गरम करून काचेवर सोडणं, हा सगळ्यात जलद उपाय तुमच्याकडे नसेल.

आणि साकीनाक्याच्या जॅममध्ये कधी काटा वर चढायला लागला तर हाच हीटर कामाला येतो. एसी बंद, काचा खाली, हीटर आणि ब्लोअर पूर्ण. गरम हवा आली तर कॉइल छोट्या रेडिएटरचं काम करतेय, कडेला पोचेपर्यंत वेळ मिळाला. काटा वर आणि हवा मात्र गार, तर आत कूलंट उरलेलं नाही. तिथेच इंजिन बंद करा, मागून कितीही हॉर्न वाजोत. ढकलून कडेला घ्या.

तुमच्या गाडीसाठी क्रम असा लावेन: उद्या सकाळी टोपी आणि पातळी, मग सीएनजीच्या टीच्या क्लिपा, मग दोन पाईपांचा हात, मग रिड्यूसरचा चिमटा. माझा अंदाज सीएनजीच्या टीच्या जोडाशी गळती आणि त्यातून अडकलेली हवा, पण अंदाजावर पार्ट बदलू नका. हवा काढून झाल्यावर आठवडाभर रोज सकाळी पातळी बघा. टिकली तर काम झालं. उतरत असेल आणि गळती दिसत नसेल, तर हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावून घ्या: थंड इंजिनावर टोपीवर छापलेल्या आकड्याइतका दाब भरायचा आणि दहा-पंधरा मिनिटं सुई बघायची. सुई पडली की कूलंट कुठून तरी बाहेर येतंच, बोनेटखाली किंवा पायाखाली. ज्या गॅरेजात हा टेस्टर नाही आणि तरी थर्मोस्टॅट बदलायची घाई आहे, तिथे गाडी ठेवू नका.